कुलूप नव्हतं, काटी होती

मु. पिपरटोला, ता. गडचिरोली, जि. चांदा
मंगळवार, ता. १२ फेब्रुवारी १९५७

चैतू,

आशीर्वाद कुठी लिहू, वर का खाली, असं नूर मोहम्मद विचारून राह्यला. म्हटलं थांब, पयले मजकूर तं होऊ दे. आशीर्वाद उरले तं खाली लिहू.

हा नूर मोहम्मद म्हणजे चामोर्शीचा पेंटर. तू गेल्यावर आला तो इकडे. आपल्या मंगळवारच्या बाजारात चिंचेखाली बसते, लोकांच्या पेट्यांवर नावं रंगवते. जत्रेत तंबूतला सिनेमा आला का त्याच्या पाट्याही तोच रंगवते. ज्याले अक्षर येत नाई त्याची पत्रं लिहून देते. त्याले म्हटलं, मी बोलतो तसंच लिही. तो म्हणे, बाई, थोडं सुधारून लिहतो. म्हटलं, मले सुधारायले साठ वर्षं होती, तेव्हा कोणाले जमलं नाई, तू कोण?

तुझं कार्ड भेटलं. आठ वर्षांत एक कार्ड, अन् त्यात चार ओळी. मोठा जपून खर्च करणारा झाला बापा तू. नूर मोहम्मदनं तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा म्हटलं वाच, तं म्हणे, बाई, याच्यात याच्यापेक्षा जास्त नाई. तू मुंबईले सिनेम्याच्या कंपनीत गाणे लिहते. तिकडे तुले चेतनकुमार म्हणतात. तुझं चित्र निघालं, त्याचं नाव 'घर में कोई नहीं'. "जमल्यास पाहावे." खाली सही. आजी जिवंत हाये का, हे विचारायले कार्डावर जागा नव्हती वाटते. जिवंत हावो. गुडघे सोडून.

चेतनकुमार! चैत्रात झाला म्हणून चैतू नाव ठेवलं होतं. बरं झालं पौषात नाई झाला.

चित्राचं नाव ऐकलं अन् मले हसू आलं. हे तं आपलं मोहाखालचं गाणं. मोहाची फुलं वेचताना बाया म्हणत. एकीनं बाहेरून विचारायचं, दुसरीनं घरात असल्यासारखं सांगायचं:

कोण हाये वो घरी? घरी कोणी नाई.
सासू गेली मोहाले, सासरा गेला बाजारी,
मांजर गेली उंदरामागं, घरी कोणी नाई.

हसायचं गाणं होतं. तुझी माय, माझी सून कमळा, बहुत चांगली म्हणे. शेवटच्या ओळीले तिचं तिलेच हसू फुटे अन् गाणं तसंच राहून जाये. तुले ती ओळ ठाऊक नसंल. तू सहा वर्षांचा होता. मोहाचे दिवस होते, तिले ताप आला, गेली. त्यात आणखी काय सांगायचं.

तू गेला त्या दिवशी शेजारून, बुधरीच्या घरून आला. मी ताट वाढलं होतं. तू म्हटलं, "आजी, दारात काटी तू ठेवली होती?" मी म्हटलं, हो. तू उठला अन् गेला. ताट वाट पाहून राह्यलं असं लिहू का, म्हणून नूर मोहम्मद विचारते. नको लिहू. भात कोंबड्यांनी खाल्ला.

आता "कोणती काटी?" म्हणून हा मले विचारून राह्यला. त्याले म्हटलं, तू लिही.

मार्कंड्याच्या जत्रेत तंबू येणार हाये. तुझं चित्र तिथी येईल असं म्हणतात. एवढं कळव, चित्रात म्हातारी हाये का? असंल तं चांगलं लुगडं नेसून जातो. कार्डात तू लिहलं नाई का तुझ्या मनात माझं काय हाये. चित्रात तं लिहलं असंल. मी तेच पाह्यले जाऊन राह्यली, गाणे ऐकायले नाई.

तुझी आजी,
सोमारी

अंगठा लाल दिसंल. रक्त नोहे. नूर मोहम्मदच्या डब्यातला रंग हाये.


मंगळवार, ता. ५ मार्च

चैतू बापा,

या वेळी आशीर्वाद वरच लिही म्हटलं. आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद. तीनदा लिहलं का पाह्यलं मी. मले वाचता येत नाई, पण सारख्या तीन गोष्टी सारख्या दिसतात का नाई, एवढं समजते.

मी तुझं चित्र पाह्यलं.

शिवरातीले बुधरीच्या बंडीतून मार्कंड्याले गेलो आम्ही दोघी. देवाचं दर्शन घेतलं, वैनगंगेत पाय बुडवले, मंग तंबूपाशी आलो. नूर मोहम्मद पाटीले शेवटचा हात मारून राह्यला होता. पाटीवर एक घर, दार उघडं, अन् आत काळोख. मी विचारलं, "काऊन गा, काय नाव हाये?" तो कुंचला पुसत म्हणे, "तेच हाये बाई. जा, बसा समोर."

बाया एका बाजूले, माणसं एका बाजूले, मधात कनात. मशीनचा आवाज असा का गिरणीत बसल्यासारखं वाटे. बुधरी म्हणे, ही माणसं एवढी मोठी अन् सपाट काऊन? तिले म्हटलं, मुंबईले जागा कमी हाये.

अन् मंग ती म्हातारी आली. अरे, मी तं पदर तोंडात धरला! सून मरते, घर रिकामं होते, अन् म्हातारी उंबऱ्यात बसून राह्यते. लोक बोलतात, ती काई बोलत नाई. नातू परदेशी जाते. मंग कितीतरी वर्षांनी येते, दारातच बसते, अन् तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणते, "दादी, तुम्हारा क्या दोष?"

तिथी मशीन बंद पडली. माणसं शिट्ट्या मारून राह्यली होती. मले बरंच वाटलं. तेवढ्यात डोळे पुसून झाले. बुधरी म्हणे, रडून राह्यली का वो? म्हटलं, धूळ हाये. ती म्हणे, मले कशी नाई लागली धूळ? तिले म्हटलं, तुझा नातू तुझ्या घरीच निजते, तुले कायची धूळ.

आपलं गाणं काई ऐकू आलं नाई. ज्या तुकड्यात मशीन बंद पडली त्यात गेलं असंल. जाऊ दे.

चैतू, त्या दिवशी तू विचारलं अन् मी नुसतं हो म्हटलं. पुढचं तू ऐकायले थांबला नाई, अन् मलेही सांगायची घाई नव्हती. आता तुले समजलंच हाये तं सांगतो. मोहाच्या दिवसांत सारं गाव झाडाखाली राह्यले जाये. घराले कुलूप कोणाच्या बापानं पाह्यलं होतं? बोराटीची काटेरी फांदी, तीच काटी, दारात आडवी ठेवली का झालं, ती कोणी ओलांडायची नाई ही रीत. घरी कोणी नाई. मंग चोर येत नाई, पाहुणा येत नाई. अन् कोतवालही येत नव्हता, हे महत्त्वाचं. मालगुजाराच्या वाड्यावर बेगार पाह्यजे असली का कोतवाल घरोघरी हाक मारे, जी बाई घरी दिसली ती उचलून धान कांडायले नेई. तापलेली असो का बाळंतीण असो. कमळेले ताप होता. झाडाखाली नेली असती तं दवानं मेली असती, घरी उघडी ठेवली असती तं मुसळापाशी मेली असती. म्हणून मी तिले आत निजवलं, पाण्याचं मडकं उशाशी ठेवलं, अन् दारात काटी ठेवली. तिले सांगतलं, कोणी हाक मारली तं ओ देऊ नको.

तिनं दिली नाई.

बस. तू चित्रात माफ केलं, मी इथी ऐकलं. आता येशील तं ये. भिंतीले पांढरी माती लावली हाये. मोह पडायले लागला का लाडू करतो, तुले आवडत. कोणाच्या हाती मुंबईले पाठवू? तूच येऊन खा.

तुझी आजी,
सोमारी

आज अंगठा निळा हाये. पाटीवरचं आभाळ उरलं होतं.


मंगळवार, ता. २ एप्रिल

चेतनकुमार,

तुझं पत्र आलं. या वेळी पाच ओळी. वाढ हाये.

"ते चित्र माझे नाही. त्याचे नाव 'इस घर में कोई नहीं' आहे. ते दुसऱ्या कंपनीचे. माझ्या चित्रात कोणी कोणाच्या मांडीवर डोके ठेवत नाही. चांद्याला महाकालीच्या जत्रेत येईल, तेव्हा पाहावे."

हे वाचताना नूर मोहम्मद तिसऱ्या ओळीले खोकलला. मी म्हटलं, पाणी पे, अन् पुन्हा वाच. मंग तो खालीच पाहून राह्यला.

त्याले ठाऊक होतं, चैतू! ती पाटी त्यानंच रंगवली होती. तंबूच्या दारात मी विचारलं तेव्हा त्याच्या हातातला कुंचला त्याच अक्षरांवर होता, अन् तोंडानं म्हणे, तेच हाये बाई. अन् नंतरचं माझं पत्र! तीन आशीर्वाद! ते सारं त्यानं खाली मान घालून लिहलं. म्हटलं, हरामखोरा, काऊन? तो म्हणे, "बाई, तुम्ही तंबूतून बाहेर निघाल्या तेव्हा तुमचा चेहरा मी पाह्यला. मंग मेरी जबानच नाई उठी."

म्हटलं, मंग हात कसा उठला?

हे पत्रही तोच लिहून राह्यला. दुसरा लिहणारा इथी नाई. नाई तं याले गावाबाहेर काढला असता. 'हरामखोर' लिहलं का, दाखव म्हटलं. बोट ठेवून दाखवलं त्यानं. आता ते अक्षर तेच हाये का 'शहाणा' हाये, हे मले कसं समजावं? खोटारड्याचा हात धरून खरं लिहायची वेळ आली माझ्यावर.

तो मले समजावून राह्यला का मुंबईत एक नाव चाललं का सारे तेच नाव ठेवतात. एक चित्र तुझं, एक ते दुसरं, अन् चामोर्शीच्या हाटेलात एक तबकडी वाजते तीही तशीच, घरात कोणी नाई म्हणून एक बाई रडते. मी म्हटलं, मुंबईत माणसाले निजायले खोली भेटत नाई म्हणतात. मंग एवढी रिकामी घरं या लोकांले कुठी सापडून राह्यली? आमच्याकडे येऊन पाह्य म्हणा. तुझ्या बापाचं पाह्य, लटारूचं. तू पोटात होता, त्याच्यावर झाड पडलं. मंग कमळा गेली. मंग तू. एका घरातून तीन माणसं निघाली, अन् गाणं तुम्ही तिकडे लिहता.

मी तुले माफी मागितली नव्हती. कोणाची तरी माफी माझ्या घरी चुकून आली, अन् मी पाट मांडून तिले बसवली. महिनाभर बसवली. लाडू केले. लाज वाटून राह्यली, ती त्याची.

चांद्याले जातो मी. तुझ्या मनात काय हाये ते पाहूनच येतो. अन् या वेळी पाटी वाचायले नूर मोहम्मद नको. तिथी चारजणांले विचारीन.

सोमारी

अंगठ्याले रंग घेतला नाई. काजळ होतं.


मंगळवार, ता. २३ एप्रिल

चैतू,

वैनगंगा डोंग्यानं ओलांडली, मूल गावापासून लहान रेल्वेनं चांद्याले गेली. महाकालीपुढं एवढी गर्दी का देवीले मी दिसली नसंल, मले देवी दिसली. चारजणांले पाटी विचारली. चारही जण म्हणे, 'घर में कोई नहीं'. एक पोलीस होता. मंग आत गेली.

बहुत चांगलं चित्र हाये. लोक म्हणतात म्हणून सांगतो.

त्यातली सासू एवढं मोठं कुंकू लावते का बैल बुजंल. सून तापानं फणफणून राह्यली, अन् ही शालू नेसून जत्रेले निघते. दाराले पितळेचं कुलूप घालते, किल्ली कमरेले खोवते, अन् हसते. सून आतून दार बडवते. गावातले लोक धावून येतात, कुलूप पाह्यतात, काई करता येत नाई म्हणून डोक्याले हात लावतात. सून मरते. मंग ती पांढरं लुगडं नेसून रिकाम्या घरात मेणबत्ती घेऊन फिरते अन् तुझं गाणं म्हणते. शेवटी सासू विहिरीत पडते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. शेजारची बाई माझ्याकडे पाहून राह्यली होती, न वाजवून कसं चालंल?

विहिरीत घातलं त्याचा राग नाई. चांगली खोल विहीर होती. पण तू कुलूप काऊन दाखवलं?

आपल्या घराले कडी तरी होती का? तुले माहीत हाये, काटी होती. बुधरीनं तुले काटीच सांगतली होती. कंपनीवाल्याले काटी समजत नाई म्हणून कुलूप घातलं असंल तू. पण बापा, कुलूप असलं का लोक सुटले. कुलूप तोडायले घण लागते. काटी उचलायले दोन बोटं लागतात. कुलूप एकट्या सासूचं असते, काटी साऱ्या गावाची असते. बुधरी त्या साली मोहाले गेली नव्हती, कमळेसाठी दोनदा पेज घेऊन आली, दोनदा काटी पाहून परत गेली. तिले वाटलं, पोरीले वैदाकडे नेलं. ही गोष्ट तू पुसून टाकली, अन् मले पितळेची किल्ली देल्ली. एवढी मोठी मी कधी नव्हती.

आता खरं सांगतो, कारण तुझं खोटं मले सहन होऊन नाई राह्यलं. माझं वीस वर्षं सहन झालं.

कोतवालाची गोष्ट मी मागं लिहली ती खरी हाये. पण अर्धी हाये. मी कमळेले म्हटलं होतं, दोन रात्री जातो, तिसऱ्या दिवशी येतो. तिसऱ्या दिवशी पहाटे मोह असा पडला का जमीन दिसे ना. तसा मोह मी मंग कधी पाह्यला नाई. झाड सोडून गेलं का ते दुसऱ्याचं. तू माझं लुगडं ओढून म्हणत होता, "आजी, घरी चाल. मायपाशी चाल." मी म्हटलं, उद्या. तुझ्या तोंडात मोहाचं फूल कोंबलं अन् म्हटलं, उद्या.

तो एक दिवस कोतवालाचा नोहे. माझा हाये. दुसऱ्या कोणाले देता येत नाई.

चौथ्या दिवशी दुपारी आलो. तू बंडीत निजला होता, तुले बुधरीच्या अंगणात ठेवला. मी काटी बाजूले केली. कवाड लोटलं तं उघडे ना. आतून जड लागे. मले वाटलं, पोत्याचा टेका हाये. मंग फटीतून तिचे केस दिसले.

ती खाटेवर नव्हती, चैतू. दाराले टेकून होती. मडकं कोरडं होतं. काटीच्या आतल्या बाजूले येऊन बसली होती, अन् हाक नाई मारली, कारण मी सांगतलं होतं, ओ देऊ नको. मी तिले उचलून खाटेवर ठेवली, डोक्याखाली वाकळ देल्ली, केस सारखे केले. मंग अंगणात येऊन ओरडली. साऱ्यांले सांगतलं, झोपेतच गेली पोरगी. बुधरीलेही तेच सांगतलं. तुलेही.

नूर मोहम्मदनं लेखणी खाली ठेवली हाये. उचल म्हटलं.

चांद्याहून आली तं घरात करमे ना. तुझी ती सून मेणबत्ती घेऊन डोळ्यांपुढं फिरे. कशी होती अन् कशी दाखवली. मनात आलं, एकदा पाहावं. रविवारी सकाळी दाराबाहेर हात काढून काटी आडवी ओढली, कवाड लावलं, अन् आत बसली. मडकं उशाशी ठेवलं. ओ द्यायची नाई, असं मले मीच सांगतलं.

आतून सारं ऐकू येते रे.

कोंबडी पानावरून चालते ते ऐकू येते. विहिरीवर कोण कोणाले काय म्हणते, ते ऐकू येते. दुपारी बुधरी आली. तिचा घसटत्या पायाचा आवाज, मंग काटीपाशी थांबला. "सोमारी वो! कुठी गेली वो?" मी गप. ती तिथीच उभी राहून आपल्याशी म्हणे, "गेली वाटते नातवापाशी. चांगलं झालं बाई." अन् गेली. वीस हात दूर तिचं घर. मले वाटलं, आता ओरडावं. पण एकदा ओ द्यायची नाई म्हटलं का मंग हाकही निघत नाई, हे मले ठाऊक नव्हतं. सोमवारी आणखी दोनजण आले, काटी पाह्यली, गेले. कोणी वाईट नोहे. सारी रीतीची माणसं.

मी उठून दारापाशी येऊन बसली. कधी आली ते मले समजलं नाई.

तेव्हा मले ती शेवटची ओळ आठवली, जी म्हणताना कमळेले हसू फुटे. तुझ्या गाण्यात ती नाई. तुले माहीतच नव्हती. लिहून घे:

कोण हाये वो घरी? घरी कोणी नाई.
सासू गेली मोहाले, सासरा गेला बाजारी,
मांजर गेली उंदरामागं, घरी कोणी नाई,
मी हावो चुलीपाशी, पण मी मोजतीत नाई.

हे हसायचं गाणं होतं. आम्ही साऱ्या हसत होतो. मीही सून होती तेव्हा हसत होती. सासू झाली तरी हसत होती.

आज मंगळवार. बाजार भरल्याचा आवाज आला. ऊन चढलं, अन् काटी सरकल्याचा आवाज आला. कवाड लोटलं कोणीतरी, ते माझ्या पाठीले लागलं. बाहेरून म्हणे, "बाई, सरका थोडं."

नूर मोहम्मद होता. म्हटलं, आंधळा हाये का? काटी दिसली नाई? तो म्हणे, दिसली. मंग? तो म्हणे, "आज मंगलवार हाये. मंगलवारी तुम्ही कुठी जात नाई. चिंचेखाली आल्या नाई, म्हणून आलो." त्याच्या बोटात काटा रुतला होता. तो चोखत चोखत मले शिव्या देऊन राह्यला होता, अर्ध्या आपल्या भाषेत, अर्ध्या त्याच्या. जो माणूस मले खोटं बोलला, त्यालेच वार मोजता आला.

आता तुले सांगायचं ते सांगतो. माफी नको. ती माझ्या दाराशी एकदा चुकून येऊन गेली, तिची चव समजली. विहीर राहू दे, कुंकूही राहू दे. तुझ्या मायची जागा तेवढी सांगतली, ती ध्यानात ठेव. ती मेणबत्ती घेऊन फिरत नव्हती. दारापाशी होती. अन् तू आठ वर्षं मुंबईतून या दाराकडे पाह्यते, तुले काटी दिसते, अन् तू परत जाते. मी वाईट हावो म्हणून तू येत नाई, असं तुले वाटत असंल. तू रीत पाळून राह्यला, बापा. आपल्या गावचाच हाये तू.

ती काटी आता नाई. चुलीत घातली. बोराटी वाळलेली होती, चरचर जळली. तिच्यावर नूर मोहम्मदसाठी चहा ठेवला. तो म्हणते, बाई, धुराचा वास येते. पे म्हटलं.

आशीर्वाद उरले का, म्हणून विचारून राह्यला. एक हाये. लिही.

सोमारी

अंगठा काळा हाये. या वेळी रंग नोहे, काजळही नोहे. त्या काटीचा कोळसा हाये. बोटानं पुसून पाह्य, निघते.